दारावरचा कागद: वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीतले नैतिक पेच

[दृश्य: लांब कॉरिडॉर. एका बाजूला बंद दारं, प्रत्येक दारासमोर एक उमेदवार.]

घंटा झाली की सगळे एकदम दाराकडे वळतात. दारावर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर चार-पाच ओळी. त्या वाचायला दोन मिनिटं मिळतात. पुन्हा घंटा होते. आत जायचं आणि आठ मिनिटं बोलायचं. मग पुढचं दार, पुढचा कागद, नवा परीक्षक.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी कॅनडात, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात अशा मुलाखती होतात. खऱ्या मुलाखतीत कॅमेरा आत नेता येत नाही. म्हणून तुम्ही बघताय ती सरावाची फेरी आहे आणि हे कागद सरावासाठीच लिहिलेले आहेत. आत बसलेले परीक्षक मात्र एरवी वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवणारे डॉक्टर आहेत. उमेदवारांचा घामही खराच.

[दृश्य: पहिल्या दारावरचा कागद, जवळून.]

'तुम्ही फॅमिली डॉक्टर आहात. 15 वर्षांची मुलगी एकटीच आली आहे. तिला गर्भनिरोधक गोळ्या हव्या आहेत. आईला कळता कामा नये, असं ती म्हणते. तिची आईही तुमचीच पेशंट आहे. काय कराल?'

कागद वाचून झाला. आता या मुलाच्या ओठांकडे बघा. तो चार शब्द पुटपुटतोय: स्वायत्तता, हित, अहित टाळणं, न्याय.

आत गेल्यावर तो तेच चार शब्द मोठ्यानं म्हणतो. प्रत्येकाला दोन-दोन वाक्यं देतो. सगळं बिनचूक. परीक्षक ऐकून घेतात आणि विचारतात, "बरं. मग गोळ्या देणार का?"

[दृश्य: मुलाचा चेहरा. ही शांतता कापलेली नाही.]

टॉम बोशाँप आणि जेम्स चिल्ड्रेस या दोन अमेरिकी विचारवंतांनी 1979 साली वैद्यकीय नीतीची ही चार तत्त्वं एकत्र मांडली, आणि पुढे जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ती पाठ करू लागले. गंमत अशी की ती पाठ केली की उत्तर मिळतं, असा त्या दोघांचा दावाच नव्हता. चारही तत्त्वं पाळायचीच असतात. ती एकमेकांच्या आड आली की समोरच्या माणसाच्या परिस्थितीत कुठलं जड भरतं, हे ज्याचं त्यानं तोलायचं. ते तोलणं क्लासच्या नोट्समध्ये छापता येत नाही. त्यामुळे तिथे फक्त चार शब्द उरतात.

[दृश्य: तोच कागद, दुसरी उमेदवार. ती कागदावर बोट ठेवून वाचतेय.]

ही मुलगी आत जाऊन बसते आणि आधी विचारते: गोळ्या घेतल्यावर काय होतं, काय होत नाही, हे तिला समजतंय का? तो मुलगा कोण, किती वर्षांचा? तिच्यावर कुणाची जबरदस्ती आहे का? परीक्षक सांगतात: तिला सगळं नीट समजतं, तो तिच्याच वर्गातला आहे, जबरदस्ती नाही.

"मग आईशी बोलायला मी तिला तयार करून बघेन. नाहीच झाली तर आईला सांगणार नाही. गोळ्या देईन. नाही दिल्या तरी ती थांबणार नाही, आणि मग गर्भ राहण्याचा धोका तिलाच आहे."

"आणि तो 35 वर्षांचा असता तर? तिचा शिक्षक असता तर?"

ती थांबते. "मग ही गोष्ट माझ्यापाशी ठेवता येणार नाही. संबंधित यंत्रणेला कळवावं लागेल. पण कळवणार आहे हे आधी तिला सांगेन. पाठीमागून करणार नाही."

परीक्षकांचं पेन इथे पहिल्यांदा हललं.

[दृश्य: लंडन, ब्रिटिश संसदेची इमारत. जुनी वृत्तपत्रं.]

तिला माहीत नव्हतं, पण ती एका जुन्या निकालाच्या वाटेनंच चालली होती. 16 वर्षांखालच्या मुलीला आईबापांच्या संमतीवाचून गर्भनिरोधनाचा सल्ला देता येईल, अशी सूचना ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं 1980 साली काढली. व्हिक्टोरिया गिलिक नावाच्या दहा मुलांच्या आईनं त्याविरुद्ध कोर्ट गाठलं. 1983 मध्ये ती हरली, 1984 च्या अपिलात जिंकली, आणि 1985 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठात, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी पुन्हा हरली. एका मताचा फरक! त्या निकालात लॉर्ड फ्रेझर यांनी डॉक्टरांनी काय तपासावं ते सांगितलं: मुलीला सल्ला समजतो का, पालकांना सांगायला ती तयार होते का, एरवीही ती संबंध ठेवणारच आहे का, सल्ला न मिळाल्यास तिच्या प्रकृतीला झळ पोचेल का, आणि तिचं हित कशात आहे. पुढे 2003 च्या कायद्यानं आणखी एक रेघ ओढली: 13 वर्षांखालचं मूल संबंधांना संमती देऊच शकत नाही. म्हणून परीक्षक वय आणि नातं बदलून पुन्हा विचारतात. त्यांना कायदा पाठ करून घ्यायचा नसतो. माहिती बदलल्यावर उमेदवाराचा विचार बदलतो का, आणि का बदलतो, एवढंच बघायचं असतं.

[दृश्य: घंटा. सगळी रांग एक दार पुढे सरकते. वरून.]

ही दारांची रांग आली हॅमिल्टनहून. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातलं हे शहर. तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठात या सदीच्या सुरुवातीला केव्हिन इव्हा, जॅक रोझेनफेल्ड, हॅरल्ड रायटर आणि जेफ्री नॉर्मन यांनी ही पद्धत उभी केली आणि 2004 साली तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याआधी एकाच खोलीत दोन-तीन जण बसायचे आणि बराच वेळ गप्पा मारायचे. उमेदवाराचं आणि एखाद्या परीक्षकाचं गाव एक निघालं, खेळ एक निघाला, की सूर जुळायचा. नाही जुळला तर सगळंच गेलं. शिवाय एका विषयावर छान बोलणारा दुसऱ्या विषयावर तसाच बोलेल याचा भरवसा नसतो. तेव्हा एका लांब मुलाखतीऐवजी अनेक छोट्या घ्याव्यात, असं त्यांनी ठरवलं. नमुना हाताशी होताच: स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी 1975 साली मांडलेली ऑस्की परीक्षा. तिच्यातही विद्यार्थी घंटेवर एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातात.

यात उमेदवाराचा एक मोठा फायदा आहे, आणि तो फार कमी जण वापरतात. मागच्या खोलीत झालेली फजिती पुढच्या परीक्षकाला माहीतच नसते. हा बघा, मघाचा मुलगा. तीन दारं झाली तरी तो अजून पहिल्याच खोलीत आहे.

प्रश्न फुटले तर? मॅकमास्टरच्याच मंडळींनी तेही तपासलं. प्रश्न आधी कळलेल्यांचे गुण त्यामुळे काही वाढले नाहीत, असं त्यांना 2006 मध्ये दिसलं. क्लासवाले हे जाहिरातीत छापत नाहीत.

[दृश्य: चौथ्या दारावरचा कागद.]

'प्रत्यारोपणासाठी एकच यकृत उपलब्ध आहे. एक पेशंट 28 वर्षांचा, पूर्वी खूप दारू प्यायचा. दुसरी 60 वर्षांची, शाळेत शिक्षिका. कुणाला द्याल?'

बहुतेक जण शिक्षिकेला देतात. कारण विचारलं की म्हणतात, त्या समाजाच्या उपयोगी आहेत. परीक्षक शांतपणे पुढे जातात: "त्या शिक्षिका नसत्या, काहीच करत नसत्या, तर?"

[दृश्य: जुनी छायाचित्रं. डायलिसिसची सुरुवातीची यंत्रं.]

हा प्रश्न एका शहरानं खरोखर सोडवून पाहिला आहे. 1960 साली सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची एक छोटी नळी वापरली. ती हाताच्या रोहिणीला आणि नीलेला कायमची जोडून ठेवता यायची. तोवर दर डायलिसिसला रक्तवाहिन्या खराब व्हायच्या, त्यामुळे ते फार वेळा करता येत नसे. आता मूत्रपिंड निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकत होता. 1962 मध्ये तिथे डायलिसिसचं केंद्र सुरू झालं. यंत्रं मोजकी, पेशंट खूप. आधी डॉक्टरांनी प्रकृतीच्या निकषावर चाळणी लावायची. त्यातून उरलेल्यांतलं कोण जगणार हे सात जणांची समिती ठरवायची, आणि त्यांची नावं गुप्त असायची. त्यात एक वकील होता, एक पाद्री, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक सर्जन. त्यांनी काय काय पाहिलं? वय, लग्न झालंय का, पोरंबाळं किती, कमाई किती, शिक्षण किती. चर्चला जातो का, हेसुद्धा.

'लाइफ' मासिकात नोव्हेंबर 1962 मध्ये शॅना अलेक्झांडर यांनी हे सगळं छापलं आणि गदारोळ झाला. समितीतले लोक दुष्ट नव्हते. स्वतःसारखी माणसं त्यांना भली वाटली, इतकंच. 1972 साली अमेरिकी सरकारनं डायलिसिसचा खर्च उचलायचा कायदा केला आणि समितीचं कामच उरलं नाही.

आज यकृताच्या यादीला वेगळा हिशेब लागतो. अमेरिकेत 2002 पासून मेल्ड नावाचा गुणांक वापरतात. सुरुवातीला तो रक्ताच्या तीन तपासण्यांवर बेतलेला होता, आणि यकृत मिळालं नाही तर कोण आधी दगावेल याचा अंदाज तो देतो. त्यात नोकरीला रकाना नाही, स्वभावालाही नाही.

[दृश्य: चौथ्या खोलीत चष्म्यातला उमेदवार.]

याचं ऐका. "दारू सुटून किती दिवस झाले? यकृत मिळालं नाही तर दोघांपैकी कोण किती काढेल? कुणाला जास्त फायदा होईल? पूर्वी प्यायचा म्हणून शिक्षा द्यायची नाही, पण आता पुन्हा प्यायला लागला तर यकृत वाया जाईल, ते मोजावं लागेल. आणि मी एकटा ठरवणार नाही, नियमाप्रमाणे यादी असेल." शेवटी त्यानं तरुणाला दिलं. त्याच्या आधीच्या मुलीनं जवळपास याच प्रश्नांवरून शिक्षिकेला दिलं होतं. दोघांनाही चांगले गुण आहेत.

"दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतील" एवढ्यावर थांबलेल्यांना मात्र ते मिळाले नाहीत.

[दृश्य: पाचवं दार. घाईत पाठोपाठ तीन उमेदवार.]

अपस्माराचा, म्हणजे फिट येणारा पेशंट. गाडी चालवू नका असं सांगूनही चालवतोय. इथे सगळे एकाच टोकाला उडी मारतात: कळवून टाकतो. किंवा दुसऱ्या: गुप्तता मोडणार नाही. ब्रिटनच्या जनरल मेडिकल काउन्सिलच्या मार्गदर्शनात मधल्या पायऱ्या आहेत. आधी त्याला समजवा. तो निदानच मानत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला सुचवा. तरीही चालवत राहिला तर परवाना खात्याला कळवा, पण कळवणार असल्याचं आधी त्याला सांगा, आणि कळवल्यावरही सांगा. तीच मुलगी, गोळ्यांच्या खोलीतली, इथेही बरोबर याच क्रमानं बोलली.

ऑपरेशनला निघालेल्या सिनिअर सर्जनच्या तोंडाला दारूचा वास येतो, असा सहावा कागद होता. तिथे एकच गोष्ट बघतात: पेशंट टेबलावर जायच्या आत कुणाला तरी सांगता का. पुढची तक्रार, चौकशी, करुणा, सगळं त्यानंतर.

[दृश्य: शेवटची खोली. परीक्षक कोपऱ्यात. समोर खुर्चीत एक अभिनेत्री. चुकीच्या औषधामुळे तिच्या वडिलांची प्रकृती बिघडल्याचं उमेदवारानं तिला सांगायचं आहे. निवेदन नाही. मूळ आवाज, 40 सेकंद.]

[दृश्य: टेबलावर गुणपत्रकांचे गठ्ठे.]

परीक्षक प्रत्येक खोलीचे गुण स्वतंत्रपणे भरतात, मग बेरीज होते. सरावाचे गुण आज संध्याकाळीच कळतील. खऱ्या फेरीनंतर काही आठवडे थांबावं लागतं. ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्यापैकी काही वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करतात, काही दुसऱ्या शाखेत जातात.

[श्रेयनामावली.]