सांधा नेमका कुठे अडतो?

मंडळी, पत्रिकेत ‘सांध्यांचा भरवसा’ एवढंच छापलंय. त्यामुळे मागच्या रांगेतल्या दोन आजी गुडघ्यांवरचं तेल विचारायला आल्यात, असा माझा संशय आहे. (हशा) बसा, आजी. हे रुळांचे सांधे आहेत, तेही खेळण्यातल्या रेल्वेचे.

सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा, मुंबईकराला ते सांगायला नको. पावसात एक बिघडला की दादरच्या फलाटावर सगळं कळतं.

आमच्या घरच्या गणपतीत मी मखराभोवती गाडी केली होती. एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर. मखरामागे सांधा. आदल्या रात्री दोनपर्यंत चालवली, कुठे अडली नाही. सकाळी आरतीला घर भरलेलं आणि गाडी बाप्पामागे गेली ती बाहेर येईचना! भाच्याने बटण दाबलं. खट्, जीभ, म्हणजे सांध्यातला हलता रूळ, सरकली. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्. इंजिन ढिम्म. मग पठ्ठ्याने बटण दाबूनच धरलं. जीभ सरकवायला कॉइलची मोटर असते, तिला क्षणभराचा झटका पुरतो. जळका वास सुटला. काकू म्हणाल्या, “धूप वेगळा आणलास का रे यंदा?” (हशा)

दुकानदाराचा सल्ला: मोटर बदला. बदलली. खट् झालं, गाडी तिथेच. मग रात्री बॅटरी आणि भिंग घेऊन आडवा झालो, तर जीभ आणि रूळ यांच्यामध्ये कापसाच्या वस्त्राचा एक तंतू! मोटर बिचारी आपलं काम करत होती. जीभ सरकली होती, पण रुळाला टेकली नव्हती. इंजिन वीज घेतं ती रुळांतून, आणि पुढच्या क्रॉसिंगला, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला, वीज मिळत होती ती त्या टेकण्यातूनच.

आपल्या खऱ्या रेल्वेत जीभ आणि रूळ यांत 5 मिलिमीटरची पट्टी घालून बघतात. तेवढ्या फटीतही सांधा लॉक होता कामा नये. त्या 5 मिलिमीटरला 87 ने भागा. केसाएवढं उरतं! म्हणजे आपला शत्रू केवढा, ते बघा. त्यात समुद्राची हवा, कापराची काजळी...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, दोनच. मग मूळ विषय पळवतो. वीज टेकण्याच्या भरवशावर सोडू नका. प्रत्येक जीभ तिच्या शेजारच्या रुळाला बारीक तारेने कायमची जोडा. पण आधी जीभ आणि क्रॉसिंग यांच्यामधला रूळ कापून तोडा, नाहीतर शॉर्ट. क्रॉसिंगला वीज वेगळी द्या, मोटरसोबत फिरणाऱ्या मायक्रोस्विचमधून, म्हणजे चिमुकल्या बटणातून. कॉइलची मोटर असेल तर मध्ये कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणारं, सर्किट घाला. भाचा बटणावर झोपला तरी झटका एकदाच जातो. चाकांमधलं अंतरही मोजा, सगळा दोष सांध्याच्या माथी नको. प्लॅस्टिकच्या क्रॉसिंगवर छोटी इंजिनं का अडतात, ते राहिलं.

पाटीवर एक सांधा जोडून आणलाय, बाहेर चहाच्या टेबलाशी मांडतो. आजी, तुम्हीही या, पण तेल लावलेला हात रुळाला नको.