आधी हवा, मग घर : दादरची गोष्ट

(हिंदू कॉलनी, सकाळ. दोन जुन्या इमारतींच्या मधली मोकळी जागा.)

ह्या दोन बिल्डिंगच्या मधली ही जागा बघा. एक जांभळाचं झाड, चार स्कूटर, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि तळमजल्याच्या खिडकीतनं येणारा फोडणीचा वास, बाकी काही नाही. मुंबईत एवढी जागा रिकामी दिसली की आपल्याला वाटतं, अरे ही उरली कशी? पण ही उरलेली नाहीये, ही मुद्दाम सोडलेली आहे, आणि का सोडली ती गोष्ट सुरू होते दादरपासून लांब, मांडवीला, १८९६ च्या सप्टेंबरमध्ये.

मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याची गोदामं, एकाला एक चिकटलेल्या चाळी, दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल अशा खोल्या. तिथं तापानं माणसं पटापट जायला लागली आणि डॉक्टर अकासियो व्हिएगस, मूळचे गोव्याचे, त्यांनी ओळखलं की हा प्लेग आहे. पुढचे काही महिने लोकं गाठोडी बांधून मिळेल त्या गाडीनं गावाकडं पळत होती. आणि त्या काळी डॉक्टर-इंजिनिअर मंडळींची समजूत अशी की रोग वाढतो तो कोंदट हवेमुळं, अंधारामुळं, दाटीमुळं. उंदराच्या अंगावरच्या पिसवांचा ह्यात हात आहे हे सगळ्यांना पटायला अजून वेळ होता. तर हवेवर उपाय करायचा म्हणून १८९८ मध्ये सरकारनं मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्यानं शहरात प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते पाडले, समुद्राचा वारा आत यावा म्हणून, आणि वर उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथली भातखाचरं आणि वाड्या ताब्यात घेऊन तिथं नवी वस्ती आखायला घेतली. एकट्या दादर-माटुंग्यात ६०,००० माणसांची सोय करायची असा आराखडा होता. मुंबईतलं हे पहिलं आखून-मापून वसवलेलं उपनगर.

मला ह्यातली एक गोष्ट फार भारी वाटते. रोगाचं कारण त्यांनी अर्धवट ओळखलं होतं, पण त्या चुकीच्या कारणापायी जे बांधलं ते शंभर वर्षं माणसांना पुरलं.

आता दादर हे नाव त्याच्याही कितीतरी आधीचं. कोकणात अजूनही माळ्यावर चढायच्या लाकडी जिन्याला दादर म्हणतात, आणि हा भाग म्हणजे माहीमकडं जायची पायरीच होता असं जुने लोक सांगतात. पण आज आपण ज्याला दादर म्हणतो ना, त्या रुंद गल्ल्या, ती झाडं, ते कंपाउंड, हे सगळं प्लेगनंतरचं.

(पारशी कॉलनी. फाइव्ह गार्डन्स.)

ट्रस्टमध्ये एक इंजिनिअर होते, मंचेरजी जोशी. आडनाव जोशी पण माणूस पारशी. त्यांनी साहेबांच्या मागं लागून आपल्या समाजातल्या मध्यमवर्गीय लोकांसाठी १०३ प्लॉट मिळवले, ९९९ वर्षांच्या लीजवर, आणि घरं बांधायच्या आधी कुठल्या रस्त्यावर कुठलं झाड लावायचं हे ठरवून टाकलं. जामे-जमशेद रोडला अशोक, फिरदौसी रोडला महोगनी. दुपारी एक वाजता ह्या रस्त्यानं चाला, डोक्यावर ऊन लागत नाही. ज्या माणसानं ती सावली बघितली नसेल पुरती, त्यानं ती कागदावर काढून ठेवली होती.

आपल्या मराठी माणसाचं दादर मात्र गिरगावातून आलं. चाळीत दोन खोल्या, समोर कॉमन गॅलरी, संडास टोकाला, सकाळी बादली घेऊन लाइन, आणि इथं काय तर ब्लॉक! स्वतःचं दार, स्वतःची मोरी, आणि संडास चक्क घराच्या आत. जुन्या बायकांना हे सुरुवातीला अजिबात चालायचं नाही, स्वयंपाकघर आणि ते एकाच छपराखाली म्हणजे काय, आणि शिवाय चाळीत दिवसभर माणसं दिसायची, इथं दार लावलं की शांतता. हवा मिळाली पण शेजार पातळ झाला, असं म्हणणाऱ्या आज्या प्रत्येक घरात होत्या. माझ्या आजीचंही तेच, मरेपर्यंत ती दुपारी दार उघडं टाकून बसायची.

(राजगृह.)

परळला ट्रस्टनंच बांधलेल्या बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी आहेत. तिथल्या खोल्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले. कामगारांच्या मधे, गोंगाटात, अभ्यास करत. तिथून ते हिंदू कॉलनीत आले, स्वतः बांधलेल्या ह्या घरात, राजगृहात, कारण पुस्तकांना जागा हवी होती. पुढं तिथं ५०,००० च्या वर पुस्तकं झाली. डिसेंबर १९५६ मध्ये दिल्लीहून त्यांचं पार्थिव आणलं तेही ह्याच घरी, आणि ७ तारखेला इथून निघालेली अंत्ययात्रा दादर चौपाटीला गेली. तिथं आता चैत्यभूमी.

फाळक्यांनी १९१२ मध्ये आपला पहिला चित्रपट दादरलाच शूट केला. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून तिथं आली आणि ट्राम कायमची बंद झाली, तरी टॅक्सीवाल्याला आपण अजून टीटीच सांगतो.

(शिवाजी पार्क, संध्याकाळ.)

आणि हे पार्क. १९२५ साली महापालिकेनं खुलं केलं तेव्हा नाव होतं माहीम पार्क, मग नगरसेविका अवंतिकाबाई गोखले ह्यांनी जोर लावला आणि १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालं. साधारण २८ एकर, भोवती तो कट्टा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथं, आचरेकर सरांची नेट इथं, सचिन इथंच घडला. महाराजांचा पुतळा १९६६ चा, आणि नीट बघा, हातात तलवार नाहीये, हात नुसता पुढं केलेला. सहा डिसेंबरला देशभरातून लाखो माणसं येतात ती ह्याच मैदानात मुक्काम करतात, भाकरी बांधून आणतात, पुस्तकं विकत घेतात. ही जागा मोकळी नसती तर एवढी माणसं थांबली असती कुठं?

ह्याच मैदानाची लाल माती आता उन्हाळ्यात उडते. आजूबाजूच्या घरात सकाळी पुसलेली खिडकी दुपारी परत तांबडी. चांगल्या हवेसाठी वसवलेल्या वस्तीत लोकं खिडक्या लावून बसतात हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

(परत ती पहिली जागा, जांभळाचं झाड.)

ही बिल्डिंग आता रिडेव्हलपमेंटला चाललीय. पिलर तडकलेत, पावसाळ्यात टेरेस गळतं, लिफ्ट नाही, वर म्हातारी माणसं आहेत, त्यामुळं नको म्हणणं सोपं नाही आणि मी म्हणणारही नाही. मागच्या मिटिंगला टॉवरचा प्लॅन लावला होता भिंतीवर, ही मधली जागा त्यात पोडियम पार्किंग झालेली. सगळ्यांचे प्रश्न कार्पेट एरियाचे, भाड्याचे, कॉर्पसचे, म्हणजे बिल्डरकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाचे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ऐंशीच्या पुढच्या, चष्मा सारखा करून बराच वेळ प्लॅनसमोर उभ्या होत्या, मग त्यांनी आर्किटेक्टला विचारलं, "अहो, पण माझ्या स्वयंपाकघरात वारा कुठनं येणार?"

त्यानं प्लॅनवर बोट ठेवलं, मग ते बोट जरा सरकवलं, आणि मग बराच वेळ तो शोधत राहिला.