सांभाळून घ्या म्हणू नका

मंडळी, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नाक्यावर रात्रीच्या दशावताराची, म्हणजे आपल्या कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याची, जी चिरफाड होते, ती मला मनापासून आवडते. 'मजा नाय इली' असे माणसे बिनदिक्कत सांगतात. पण हीच माणसे माईकपुढे उभी राहिली की सूर बदलतो: 'आपली लोककला आहे, बिचारे कलावंत आहेत, सांभाळून घ्या.' या 'सांभाळून घ्या'ला माझा आक्षेप आहे.

दशावतारी नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. रंगपटात, म्हणजे नट सजतात त्या जागी, आख्यानाचा (त्या रात्रीच्या पौराणिक कथेचा) सांगाडा ठरतो आणि संवाद तो उभ्या उभ्या रचतो, पेटी-पखवाजाच्या साथीने पहाटेपर्यंत. तोंडही स्वतःच रंगवतो. एवढे अंगावर घेणाऱ्या माणसाची कीव करणे हा त्याचा अपमान आहे. काम फसले तर फसले म्हणावे, आणि चारचौघांत म्हणावे.

मात्र कसे म्हणावे, याची रीत फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या प्राचीन संस्कृत ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाचे परीक्षक सांगितले आहेत. त्यांत यज्ञ जाणणारा आहे, नर्तक आहे, व्याकरण जाणणारा आहे, धनुर्धर आहे, चित्रकार आहे, गणिका आणि राजाही आहे. ज्याला जे कळते त्याने त्यावर बोलावे, अशी ती वाटणी. शस्त्र धरण्याची ढब धनुर्धराने पाहावी, शृंगार गणिकेने. मला हे फार शहाणपणाचे वाटते. पखवाजातले ओ की ठो कळत नसेल तर 'वादन भिकार' म्हणू नये. 'पखवाजाखाली शब्द बुडाले, मला ऐकू आले नाहीत' एवढे म्हणण्याचा हक्क मात्र शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आहे.

त्याच अध्यायात प्रयोगातल्या विघ्नांचीही विभागणी आहे. वारा, पाऊस, आग, मांडव कोसळणे ही दैवाकडची. शत्रूने आरडाओरडा करणे, शेण-ढेकळे फेकणे ही परक्याची. नटाच्या स्वतःच्या चुका वेगळ्या. आपण हा फरक करतो का? अर्ध्या रात्री माईक बंद पडला, त्यात नटाचा काय दोष? आणि दोन मिनिटांचा मोबाईलवरचा तुकडा पाहून अख्ख्या रात्रीचा निकाल देणे तर मला अन्यायच वाटतो. सुरुवातीला येणाऱ्या संकासुर या विनोदी राक्षसाच्या थट्टामस्करीनंतर मुख्य आख्यान उभे राहायला वेळ लागतो. शेवटपर्यंत बसला नसाल तर 'मी मधेच उठलो' हे टीकेत आधी लिहा. का उठलात तेही लिहा, कारण प्रेक्षक उठून जातो तेव्हा त्यातही नाटकाबद्दल काही सांगितलेले असते.

स्त्रीपार्टी नटाबद्दल जे बोलले जाते ते ऐकून मला संताप येतो. लुगड्यात वावरणारा पुरुष म्हणून त्याच्या चालण्याबोलण्याची घराबाहेर टवाळी करायची आणि त्याला टीका म्हणायचे! द्रौपदीचा विलाप लांबला असेल तर लांबला म्हणा. सकाळी शेतात जाणाऱ्या त्या माणसाच्या देहावर, जातीवर, संसारावर बोलण्याचा अधिकार प्रेक्षकाला मिळत नाही.

आता माझी नावड सांगतो. ट्रिकसीन, म्हणजे धूर-दिव्यांची चमत्कारदृश्ये, मला आवडत नाहीत. युद्धाच्या ऐन रंगात धूर सोडला जातो, दिवे लुकलुकतात, आणि पखवाजाच्या बोलावर नटाचे पाय कसे पडतात हे दिसतच नाही. दोन योद्धे समोरासमोर गिरकी घेतात त्या क्षणासाठी मी थंडीत बसलेला असतो आणि नेमका तोच धुरात जातो. हे मी नाक्यावर बोलतो, आज तुमच्यापुढेही बोलतो. 'दशावतार बुडाला' असे मात्र मी म्हणत नाही, कारण मला दिसले ते एवढेच: धूर आणि न दिसलेले पाय. मंडळाच्या मालकाचे उत्तर असू शकते की पोरे ट्रिकसीनसाठीच थांबतात, गावेही तेच मागतात. ते उत्तरही जाहीरपणे यावे. आलेच तर मी विचारीन, धूर युद्ध संपल्यावर सोडला तर पोरे उठून जातील का?