पुढची खबर मागे

(मोठ्या कार्यक्रमांच्या सुरक्षाव्यवस्थेत सुपरवायझर म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मित्रमैत्रिणींनो. बावीस वर्षं मी हे काम केलं. सुरुवातीची सहा वर्षं गार्ड म्हणून, पुढे सुपरवायझर म्हणून. मैदानं, जाहीर सभा, गाण्याचे कार्यक्रम, सामने, सगळीकडे उभी राहिले. आज तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे, पण तिथपर्यंत यायला थोडा वेळ लागेल.

एका शब्दापासून सुरुवात करते. चेंगराचेंगरी. अपघात झाला की इंग्रजी बातम्यांत जो ‘स्टॅम्पीड’ शब्द येतो, त्याने बिथरून उधळलेली गुरं डोळ्यांसमोर येतात. आपला शब्द त्यापेक्षा खरा आहे. चेंगरणं म्हणजे दाबलं जाणं. त्यात पळणं नाही, बेभान होणं नाही. आणि होतंही तसंच. गर्दीत जीव जातात ते बहुतेक वेळा पायाखाली तुडवल्यामुळे जात नाहीत, श्वास कोंडून जातात. छाती फुगायला जागाच उरत नाही. माणूस उभ्याउभ्या गुदमरतो, आणि चारी बाजूंनी दाब असल्यामुळे कित्येकदा खालीही पडत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी आपल्याच बातम्यांत वाक्य येतं, ‘गर्दी अनावर झाली’. ते वाचलं की मला राग येतो. जी माणसं हलूही शकत नव्हती, त्यांच्यावरच ठपका ठेवणारं वाक्य आहे ते.

गर्दी दाट होते म्हणजे नेमकं काय होतं? जमिनीवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन मनात आखा. त्यात दोन-तीन माणसं असली तर ती आपल्या मर्जीने चालतात. चार-पाच झाली की उभं राहता येतं, पण चालताना धक्के लागतात. सहा-सातच्या पुढे माणसाची मर्जी संपते. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने गर्दीच्या दुर्घटनांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याने लिहून ठेवलंय की चौरस मीटरला सात माणसांच्या आसपास गर्दी जवळजवळ द्रवासारखी वागू लागते. एका टोकाला धक्का बसला की त्याची लाट दुसऱ्या टोकापर्यंत जाते, माणसं बुटांतून उचलली जातात. ब्रिटनच्या क्रीडासंकुलांसाठी जी मार्गदर्शक पुस्तिका आहे, ती उभ्या प्रेक्षकांसाठी कमाल मर्यादा धरते दहा चौरस मीटरला ४७ माणसं. म्हणजे चौरस मीटरला पाचपेक्षाही कमी. हा आकडा पाठ करा. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आपल्या झोनमध्ये दोन बाय दोन मीटरचा चौकोन रंगाने आखून घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यातली डोकी मोजता येतील. नुसत्या नजरेचा अंदाज फसतो. मी कित्येकदा फसले आहे.

फ्रुइनचीच आणखी एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. तो म्हणतो, गर्दीत पुढून मागे खबर जात नाही. पुढे माणूस गुदमरत असतो आणि मागच्याला वाटतं, रांग सरकत का नाही, जरा रेटा दिला तर सरकेल. मागचा दुष्ट नसतो. त्याला पुढचं दिसत नसतं, एवढंच. अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये ३ डिसेंबर १९७९ रोजी एका मैफलीआधी दारं उघडायची वाट पाहत हजारो लोक बाहेर उभे होते. आतून संगीताचा आवाज आला. मागच्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. उघडी दारं मोजकीच होती. अकरा माणसं गेली. पुढे काय चाललंय हे मागच्यांना वेळेत कुणीतरी सांगितलं असतं तर?

तो ‘कुणीतरी’ म्हणजे तुम्ही. मला सांगायची होती ती गोष्ट हीच. आपला गणवेश, आपली शिट्टी, आपलं दरडावणं, हे सगळं नंतर. सुपरवायझर हा पुढची खबर मागे आणि खालची खबर वर पोचवणारा माणूस आहे.

आता इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण यात आपलं सगळं काम येतं. १५ एप्रिल १९८९. फुटबॉलचा उपांत्य सामना. एका बाजूच्या प्रवेशदारांबाहेर प्रचंड गर्दी साचली, कारण फिरती फाटकं कमी होती आणि वेळ थोडा राहिला होता. बाहेर माणसं दबू लागली. पोलिसांनी दुपारी २.५२ला बाहेर पडण्याचं मोठं दार उघडून लोकांना आत घेतलं. बाहेरचा दाब कमी झाला. पण दारातून आत आलं की समोरच एक बोगदा होता, आणि तो थेट उभ्या प्रेक्षकांसाठी कुंपण घालून केलेल्या कप्प्यांपैकी मधल्या दोन कप्प्यांत निघत होता. ते कप्पे आधीच भरले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून ‘इकडून जा’ म्हणायला कुणी नव्हतं. पुढे मैदानाच्या कडेला उंच जाळी. बोगद्यातून येणाऱ्यांना जाळीजवळचं काही दिसत नव्हतं. सामना सुरू होऊन सहा मिनिटांनी थांबवला गेला. मृतांचा आकडा आज ९७ आहे. शेवटचा मृत्यू २०२१मध्ये झाला, त्या दिवशीच्या इजांमुळेच. कित्येक वर्षं दोष प्रेक्षकांवर टाकला गेला. २०१६मध्ये या मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीतल्या ज्युरीने स्पष्ट सांगितलं की प्रेक्षकांचा दोष नव्हता.

मला या कहाणीत दार उघडण्यापेक्षा तो बोगदा जास्त छळतो. दार उघडायचा निर्णय झाला, पण उघडल्यावर माणसं जातील कुठे, हे आत कुणाला कळवलं गेलं नाही. तुम्ही कधीही गेट उघडाल, रांग वळवाल, बॅरिकेड हलवाल, तेव्हा आधी वॉकीटॉकीवर पुढच्या पॉइंटला विचारा, ‘तुझ्याकडे जागा आहे का?’ उत्तर आल्याशिवाय हलवू नका.

गेटचा हिशेबही साधा आहे, पण तो कुणी करत नाही. झडतीला माणशी दहा सेकंद धरा. एक गार्ड मिनिटाला सहा, तासाला ३६० माणसं सोडतो. दहा रांगा असल्या तर तासाला ३,६००. वीस हजार लोक येणार आहेत आणि त्यातले निम्मे शेवटच्या तासात येतात, तर सहा हजारांहून जास्त माणसं तुमच्या गेटबाहेर अडकणार. हे आदल्या दिवशी कागदावर दिसतं. तेव्हाच आयोजकाला सांगा. त्या वेळी तो वैतागेल, पण कार्यक्रमाच्या वेळी सांगाल तर त्याच्याही हातात काही उरलेलं नसेल.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. जिथे स्त्री-पुरुषांच्या झडतीच्या रांगा वेगळ्या असतात, तिथे महिला गार्ड जवळजवळ नेहमीच कमी नेमलेल्या असतात. पुरुष भराभर आत जातात आणि गेटच्या पलीकडे पाच पावलांवर बायकोची, बहिणीची, आईची वाट बघत थांबतात. त्यांना ‘पुढे चला’ ओरडून काही होत नाही. आपलं माणूस मागे असताना कोण पुढे जाईल? बघता बघता गेटचं तोंड आतून बंद होतं. त्यांना थांबायला आत, बाजूला, जागा आखून द्या. आणि मुळात महिला गार्ड वाढवून मागा. मी ही मागणी दर वेळी लेखी केली. कधी ऐकली गेली, कधी नाही.

बाहेर पडण्याचंही तसंच. सपाट वाटेवरून मीटरभर रुंदीला मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं जाऊ शकतात, जिन्यावरून ६६, असं तीच ब्रिटिश पुस्तिका धरते. म्हणून जिना दिसला की तिथे आपला सगळ्यात अनुभवी गार्ड ठेवा. आग लागली तर लोक आले त्याच वाटेने परत निघतात. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका नाइटक्लबमध्ये आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला आणि शंभर माणसं गेली. दारं आणखीही होती, पण बहुतेकांनी धाव घेतली ती पुढच्या मुख्य दाराकडे. दुसरं दार कुठे आहे ते लोकांना माहीत नसतं. ते तुमच्या प्रत्येक गार्डला डोळे मिटून दाखवता आलं पाहिजे.

आता खालची खबर वर. २२ मे २०१७ला मँचेस्टरमध्ये मैफल संपताना स्फोट झाला, बावीस जण गेले. नंतरच्या चौकशीत जे बाहेर आलं ते प्रत्येक सुपरवायझरने वाचलं पाहिजे. मुलांना न्यायला आलेल्या एका पालकाला मोठी बॅग घेऊन बसलेला माणूस खटकला. त्याने एका कर्मचाऱ्याला सांगितलं. त्या कर्मचाऱ्याकडे वॉकीटॉकी नव्हता. त्याने ज्याच्याकडे होता त्या तरुण गार्डला सांगितलं. त्या गार्डने कंट्रोल रूमशी बोलायचा प्रयत्न केला, पण संपर्क झाला नाही. आणि आपण त्या माणसाला हटकलं तर भेदभाव केला असं म्हणतील का, ही भीतीही त्याच्या मनात होती. त्या पोराचं वय अठरा होतं. मी त्याला दोष देऊ शकत नाही. त्याच्या मनात आलेली शंका हातोहात उचलून घेणारं माणूस त्याच्या जवळ असायला हवं होतं.

दक्षिण कोरियात, सोलच्या इतेवॉन भागात तर लोकांनीच खबर दिली होती. २९ ऑक्टोबर २०२२ला संध्याकाळी ६.३४ला पहिला फोन गेला, ‘इथे माणसं चिरडतील’. रात्री दहानंतर ती अरुंद, उताराची गल्ली गच्च झाली. १५९ जीव गेले. मधले जवळजवळ चार तास कुणालातरी काहीतरी करता आलं असतं.

माझ्या हातून काय झालं तेही सांगते. एका कार्यक्रमात जिन्याच्या पायथ्याशी उभी असलेली नवी गार्ड मला वॉकीटॉकीवर म्हणाली, ‘ताई, इथले लोक बोलायचे थांबलेत.’ मी तीन ठिकाणी अडकले होते. म्हटलं, ‘बरंच झालं की, शांत आहेत. पॉइंट सोडू नकोस.’ दहा मिनिटांनी तिने परत हाक मारली तेव्हा तिच्या आवाजात रडू होतं. मी धावत गेले, वरची एंट्री बंद करवली, आयोजकांकडून गाणं थांबवून घेतलं. तीन जण बेशुद्ध होते. तिघेही वाचले. पण गर्दी बोलायची थांबते तेव्हा ती श्वास वाचवत असते, हे त्या मुलीला न शिकवता कळलं होतं आणि सोळा वर्षं काम केलेल्या मला कळलं नाही. माझ्याकडे वेळ नव्हता हे खरं आहे. पण त्या सबबीने मनाला आजही समाधान मिळत नाही.

तेव्हापासून ब्रीफिंगमध्ये मी पहिलं वाक्य हेच म्हणत आले, ‘खोटा इशारा दिलास म्हणून इथे कुणी रागावणार नाही.’ आणि ते पाळलं. दहातल्या नऊ हाका साध्या निघतात. दर वेळी ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हणायचं, मगच पुढचं काम. एकदा जरी वैतागलात तरी दहावी हाक येणार नाही.

गार्डने काय बघायचं? डोकी एकाच दिशेला डोलताहेत का. हात छातीसमोर वर आलेत का. लोक मागे वळून बघताहेत का. कुणी पोराला उचलून डोक्यावरून पुढे देतंय का. कुंपणावर, खांबांवर चढताहेत का. रंगमंचासमोरच्या पिटमध्ये उभ्या गार्डची पाठ रंगमंचाकडे आणि तोंड लोकांकडे हवं. कलाकार कितीही लाडका असो.

आणि लोकांशी बोलताना ‘घाबरू नका’ म्हणू नका. त्याने घाबरण्यासारखं काहीतरी आहे एवढंच कळतं. नेमकं सांगा. ‘पुढे एकजण पडलाय. मागच्यांनी दोन पावलं मागे या.’ जॉन ड्रुरी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने संकटातून वाचलेल्यांशी बोलून दाखवून दिलंय की अनोळखी माणसंही अशा वेळी एकमेकांना धरून राहतात, मदत करतात. माझाही अनुभव तोच. खरं कारण सांगितलं की हजारो माणसं दोन पावलं मागे येतात. मी ते पाहिलंय, आणि दर वेळी अंगावर काटा आलाय.

गार्डची काळजीही याच कामात येते. बारा तास उभा, पाणी नाही, लघवीला जायला रिलीव्हर नाही, असा माणूस काय बघणार? दर तासाला पॉइंट बदला. तुमचं जेवण त्यांच्यानंतर.

शेवटी, मैदान रिकामं झालं की घरी पळू नका. एकेका पॉइंटला वॉकीटॉकीवर हाक मारा, सगळे परत आलेत ना बघा, आणि मग एकट्याने टॉर्च घेऊन फेरी मारा. बूट आणि चपला कुठे पडल्यात ते बघा. विखुरलेल्या एक-दोन असल्या तर काही नाही. एकाच जागी ढीग असला तर तिथे माणसं उचलली गेली होती, कुणी तक्रार केलेली नसली तरी. ती जागा रजिस्टरमध्ये पावलं मोजून लिहा, म्हणजे पुढच्या ड्यूटीला येणाऱ्याला वाचता येईल. त्या रात्री त्या जिन्याच्या पायथ्याशी मला अकरा सापडल्या. त्यातली एक लहान मुलाची होती. ती मुलगी, ती गार्ड, माझ्या शेजारी टॉर्च धरून उभी होती आणि मी लिहीत होते.