धवल्याला दाखल क्रमांक

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय छापलाय, ‘लहान ग्रंथालयात आवाजाची नोंद कशी ठेवावी’. त्यावर मी येतेच. पण हा विषय मला सुचला कुठे ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तो सुचला हळदीत. शनिवारची रात्र, दारातला मांडव, गालावर वाळलेली हळद आणि समोर डीजे.

इथे कळव्याचे, खारीगावचे, बाळकुमचे, कोलशेतचे किती जण आहेत? बरेच हात वर झालेत. मग तुम्हाला हळद समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते: ठाण्यात आणि खाडीपलीकडे घणसोली, कोपरखैरणे, बेलापूर, दिवाळे गावापर्यंत जी आगरी-कोळ्यांची गावं आहेत, तिथे लग्नाला नाही आलात तर चालून जातं. हळदीला नाही आलात तर पुढच्या गणपतीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. काकू मान हलवताहेत, म्हणजे अनुभव आहे.

मी सव्वीस वर्षांची आहे. चार वर्षं एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात काम करते. शाळेपासूनचे आम्ही पाच जण. एक जण साऊंड भाड्याने देतो, त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. एक नर्स आहे, तिच्या पाळ्या बघून आमचे बेत ठरतात. एक ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. आणि एक बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. यंदा एप्रिलच्या पहिल्या शनिवारपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आम्ही मिळून नऊ हळदी केल्या. शनिवारी आठला काउंटर बंद करायचा, कुलूप लावायचं, रिक्षा पकडायची आणि साडेआठला मांडवात. घरी परतायला एक वाजायचा. रविवारी दुपारी उठल्यावर कुणाच्या तरी गच्चीवर पुन्हा गाणी. इतका आनंदाचा उन्हाळा मला दुसरा आठवत नाही, आणि हे मी आईसमोर सांगतेय, ती तिसऱ्या रांगेत बसलीय.

बेंजोचं जरा सांगू द्या. नाव ऐकून लोकांना वाटतं अमेरिकेतला तो गोल, कातड्याचा बॅंजो. आपला बेंजो तो नाही. आपला म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. बटण दाबलं की तार दाबली जाते. हे वाद्य जपानचं. १९१२ साली नागोयात ते तयार झालं, तिथे त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपल्याकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं. मग त्याला तारेचा आवाज पकडणारा पिकअप बसला, अॅम्प्लिफायर जोडला गेला, आणि गिरगावपासून पनवेलपर्यंत वरातीचं वाद्य होऊन बसलं. माझ्या मित्राने हे कुणा गुरूकडे शिकलेलं नाही, मामाच्या शेजारी बसून शिकलाय. त्याच्या बोटांत दीडशे तरी चाली आहेत आणि त्यातली एकही कुठे लिहिलेली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

तर कोलशेतची हळद. मे महिन्यातला शनिवार. वारा पडलेला, खाडीचा वास, मांडवात पंखे नुसते गरम हवा फिरवत होते. डीजे आमच्याच मित्राचा. तो एका बाबतीत फार कडक आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम त्याने छापून टेम्पोच्या दाराला आतून चिकटवलेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. नवरीचा काका येतो, मामा येतो, गल्लीतला पुढारी येतो, सगळे म्हणतात, एकच गाणं. तो दहाला पाच कमी असताना आवाज उतरवायला लागतो आणि दहाला बंद म्हणजे बंद. त्याचं म्हणणं, माझा साऊंड जप्त झाला तर पुढची नऊ लग्नं मुकी जातील. मला हे पटतं.

त्या रात्रीही दहाला बंद झालं. कान एकदम रिकामे झाले. पोरं जेवणाच्या रांगेकडे पळाली. आणि मला ऐकू आलं की ओटीवर कुणीतरी गातंय. गातंय म्हणजे दुपारपासूनच गात होतं, आमच्या डीजेखाली ते दबलं होतं इतकंच. धवलारीण, म्हणजे लग्नाच्या विधींची गाणी, धवले, म्हणणारी. सत्तरीच्या आसपासची बाई, नऊवारी, पाय पसरून भिंतीला टेकलेली. समोर नवरी पाटावर, अजून काही सवाष्णींची हळद लावायची राहिलेली. ती एक ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्या दोघी ती उचलायच्या. माइक नाही, पेटी नाही, टाळीसुद्धा नाही. लय इतकी सावकाश की दोन ओळींच्या मध्ये बांगड्यांचा आवाज यायचा.

मी नऊ हळदी नाचले आणि त्याआधी लहानपणापासून किती तरी. धवलारीण असते हे मला माहीत होतं. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला असतो, तिच्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. पण आम्ही पोरं यायचो रात्री साडेआठला, आणि तिचं काम असतं दुपारचं, बायकांच्यात, घराच्या आत. म्हणून मी तो कधी नीट ऐकलाच नव्हता. त्या रात्री ऐकला. देवांना एकेक करून मांडवात बोलावणं चाललं होतं, एकवीरा आई, मग गावदेवी, मग घरातले गेलेले वडीलधारे, आणि प्रत्येकाच्या पाठोपाठ नवरीचं नाव यायचं. तिचं खरं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं. नवरी रडत होती. नर्स मैत्रीण रडत होती. मी मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

दोन मिनिटांनी धवलारीण थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, “बाय, मना इचारलंस का?”

नव्हतं विचारलं. मी ग्रंथालयात काम करते, पुस्तक नोंद न करता नेणाऱ्याला मी दारातून परत बोलावते, आणि इथे मी स्वतः तेच केलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते. मी तिथेच तिच्यासमोर ते पुसून टाकलं. तिने ते बघितलं आणि पुढचा धवला धरला. निघताना मी पाया पडले तेव्हा म्हणाली, मंगळवारी ये, दुपारी, भाकऱ्या झाल्यावर.

मंगळवार आमच्या ग्रंथालयाचा सुट्टीचा वार. मी आणि साऊंडवाला मित्र गेलो. तो कॉलरला लावायचा छोटा माइक घेऊन आला होता. पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, सगळी तयारी झाली. आणि तिने विचारलं, “कुनाच्या नावाचा म्हनू?”

मंडळी, या प्रश्नापाशी मी पुढे आठ दिवस अडकून होते. आम्ही ग्रंथालयवाले काय शिकतो? कर्ता, शीर्षक, आवृत्ती, वर्ष. आणि इथे एक गाणं आहे ज्याला नवरीच्या नावाशिवाय सुरुवातच होत नाही. नाव बदललं की ओळीची लांबी बदलते, मग चाल थोडी वाकते. तीन अक्षरी नवरीचा धवला आणि दोन अक्षरी नवरीचा धवला वेगळा ऐकू येतो, हे तिने मला दोन्ही म्हणून दाखवलं. मग मूळ कुठला? आवृत्ती कितवी? दर लग्नाला नवी आवृत्ती निघते आणि तिची एकच प्रत असते, ती हवेत जाते. त्या दुपारी मित्र म्हणाला, माझ्या बहिणीच्या नावाचा म्हणा, तिचं पुढच्या वर्षी करायचंय. मग म्हातारी हसली आणि तिने तासभर धवले म्हटले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात मी आमच्या मराठी वाङ्मयाच्या कपाटापाशी गेले. महदंबेचे धवळे तुम्ही सगळ्यांनी शाळेत निदान नावाने ऐकलेत. तेरावं शतक, महानुभाव पंथ, रुक्मिणीच्या लग्नाची गाणी, मराठीतली आद्य कवयित्री. या पंथाच्या पोथ्या शेकडो वर्षं सांकेतिक लिपीत बंद होत्या. त्या उघडून वाचकांपुढे आणणाऱ्यांत वि. ल. भावे होते, आपले ठाण्याचे. ज्यांनी १८९३ साली इथे मराठी ग्रंथ संग्रहालय उभं केलं, तेच. म्हणजे बघा, सातशे वर्षांपूर्वीच्या धवळ्याला माझ्या ग्रंथालयात वर्गांक आहे, म्हणजे विषयाचा आकडा, दाखल क्रमांक आहे, म्हणजे नोंदवहीतला त्याचा स्वतःचा आकडा, वर प्लास्टिकचं कव्हर आहे. आणि त्याच नावाचं, त्याच कामासाठी गायलं जाणारं गाणं रिक्षाने वीस मिनिटांवर एक बाई तोंडपाठ म्हणतेय, तिचा माझ्या नोंदवहीत पत्ता नाही. तिच्यामागे बसणाऱ्या दोघींना मिळून अर्धेच धवले येतात. सून शिकत नाही, तिला बारा तासांची नोकरी आहे. हे सगळं मला तिनेच सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, हिशेब सांगावा तसं.

हे मी आमच्या इथे एका बैठकीत मांडलं. उत्तर मिळालं, “ग्रंथालयात ग्रंथ असतात. गाणी ऐकायची तर मोबाइल आहे.” आणि शांतता भंग होईल, हेही. याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. आमच्याकडे ७८० क्रमांकाचं कपाट आहे, संगीताचं. त्यात स्वरलिपीची पुस्तकं आहेत, गायकांची चरित्रं आहेत, नाट्यगीतांचे संग्रह आहेत. एक आजोबा दर महिन्याला त्यातलं एक पदांचं पुस्तक नेतात आणि परत देताना मला विचारतात, हे वाजतं कसं? त्यांना स्वरलिपी येत नाही. पुस्तक त्यांच्या हातात असूनही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं सांगितली, त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. मग या आजोबांचं पुस्तक मी अजून दिलेलंच नाही. आणि शांततेचं म्हणाल तर कोलशेतच्या त्या ओटीवर जितकी शांतता होती तितकी मी आमच्या वाचनकक्षात परीक्षेच्या दिवसांतसुद्धा अनुभवलेली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता धावत धावत.

पहिलं, परवानगी. आवाज घेण्याआधी, कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि वाचून दाखवून. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: ग्रंथालयात बसून ऐकवू का, बाहेर कार्यक्रमात ऐकवू का, इंटरनेटवर टाकू का. गाणाऱ्याने एकाला हो म्हटलं म्हणून बाकी दोन्हींना हो धरायचं नाही.

दुसरं, नोंद. कर्त्याच्या जागी गाणारीचं नाव. ‘पारंपरिक’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही, परंपरा कुणीतरी गळ्यात धरून ठेवलेली असते. गाव, तारीख, कुठला विधी, मागे ओळ कुणी उचलली, आणि कुणाच्या नावाचा धवला, हे शेवटचं विसरायचं नाही. दाखल क्रमांक पुस्तकांच्याच नोंदवहीत, पुस्तकांच्याच ओळीत द्यावा असं माझं मत आहे. वेगळी वही केली की ती वही हरवते.

तिसरं, वर्गांक. ड्यूईच्या दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, लोकसंगीत ७८१.६२ आणि लग्नाच्या चालीरीती ३९२.५. मी ७८१.६२ देते आणि दुसऱ्या ठिकाणी ‘तिकडे पाहा’ अशी पाहा-नोंद ठेवते. बेंजोच्या दीडशे चाली मी लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या, त्या यातच, पुढच्या उन्हाळ्यात. आणि जाता जाता, ड्यूईत पार्ट्यांनाही क्रमांक आहे, ७९३.२. तेव्हा आमचे शनिवार ग्रंथालयशास्त्राच्या बाहेरचे होते असं कुणी म्हणू नये.

चौथं, जपणूक. मूळ ध्वनी वेव्ह फाइलमध्ये, ऐकायची प्रत एमपीथ्रीमध्ये. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या इमारतींत. एक ग्रंथालयात, दुसरी मी सध्या नर्स मैत्रिणीकडे ठेवलीय, तिचं घर चौथ्या मजल्यावर आहे, पाणी शिरत नाही. वर्षातून एकदा दोन्ही उघडून वाजवून बघायच्या.

पाचवं, ऐकण्याची जागा. एक टेबल, दोन हेडफोन. दोन मुद्दाम म्हणतेय, कारण गाणं शेजारी कुणी असलं की वेगळं ऐकू येतं, हे मी या उन्हाळ्यात शिकले.

खर्च म्हणाल तर माइक मित्राचा, हेडफोन आयटीवाल्या मैत्रिणीने दिले, डिस्क आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून घेतल्या. ग्रंथालयाकडून मला फक्त टेबल हवं होतं. ते गेल्या आठवड्यात मिळालं, खिडकीजवळचं, जिथे जुनी मासिकं असायची.

हो, तो प्रश्न पुढच्या रांगेतून येणार हे मला माहीत होतं. रेकॉर्डिंग आणलंय का? आणलेलं नाही. तिने पहिल्या गोष्टीला हो म्हटलंय, दुसरीला अजून विचार करतेय. म्हणून या सभागृहात मी ते लावू शकत नाही. मंगळवार सोडून कुठल्याही दिवशी चार ते सात या वेळात या. सभासद नसलात तरी चालेल. एकूण सहा धवले आहेत, दाखल क्रमांक पडलेत, आणि तुमच्या घरी कुणी गाणारी असेल तर तिला विचारून या.