तीन साचे, एक विणकर

मित्रहो, उत्पादकतेचा आकडा आपण नेहमी ऐकतो. एकूण माल भागिले कामगार, इतका सरळ हिशेब. पण हा आकडा दोन अगदी वेगळ्या कारणांनी वाढतो आणि मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात ती कारणं काटेकोरपणे वेगळी केली आहेत. तेवढ्याच कष्टात जास्त माल निघाला, तर श्रमाची उत्पादकता वाढली. त्याच तासात जास्त कष्ट कोंबले, तर वाढली ती श्रमाची तीव्रता.

हा फरक मुंबईच्या गिरणी कामगारांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. एप्रिल ते ऑक्टोबर 1928 या काळात सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. मागण्या बऱ्याच होत्या, पण विणकामाच्या साचेखात्यात आग लावली ती दोनाऐवजी तीन साचे, म्हणजे माग, सांभाळायच्या सक्तीने. मालक त्याला कार्यक्षमता म्हणत.

आता साच्यासमोर उभे राहा. धोट्यातली आडव्या सुताची कांडी संपली की धोटा बदलायचा. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की साचा थांबवून टोक शोधायचं, गाठ मारायची, पुन्हा ओवायचं. सूत कच्चं असेल तर हे सारखंच चालतं, आणि तोवर शेजारच्या साच्याची कांडी संपलेली असते. तिसरा साचा आला की मधली दम खाण्याची उसंतही जाते. समजा, खात्यात 600 साचे आहेत. 300 विणकरांचं काम 200 जणांवर आलं, तर दरडोई उत्पादन दीडपट. साचे मात्र तेच, आणि कापडही तेवढंच! चांगलं सूत देऊ, पगार वाढवू, असं मालक सांगत. पण दर साच्यामागची मजुरी घटणार होती, आणि उरलेले 100 जण रस्त्यावर.

याच सुमारास, 1924 मध्ये, जपानमध्ये साकिची टोयोडांचा स्वयंचलित माग आला. चालू मागावर धोटा आपोआप बदलायचा, ताण्याचा धागा तुटला की माग आपणहून थांबायचा. इथे यंत्राने माणसाचं काम खरोखर कमी केलं. याला मी बेधडक उत्पादकता म्हणेन.

पण मार्क्सचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो. कापड, धान्य स्वस्त झालं की कामगाराच्या पोटापाण्याची किंमत भरून काढायला दिवसातले कमी तास पुरतात. दहापैकी पाचाऐवजी चार तास, असं धरा. वाचलेला तास कामगार घरी नेत नाही, तो मालकाच्या वाट्याला जातो. मार्क्स याला सापेक्ष वरकड मूल्य म्हणतो. कामाचा दिवस लहान झाला तो यंत्रामुळे नव्हे, लढ्यामुळे. इंग्लंडमध्ये 1847 साली स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा झाला. त्यावर मालकांनी काय केलं? यंत्रांचा वेग वाढवला आणि एकेका कामगाराकडे जास्त यंत्रं दिली.