सोमातले पारोल

दहा लांब कामट्या आणि पाच आखूड, कंदिलाच्या सांगाड्याला एवढंच लागतं. पाच कामट्यांची एक चांदणी, पाचांची दुसरी, जिथे जिथे कामट्या एकमेकींवरून जातात तिथे रबरबँडचे दोन वेढे, मग दोन्ही चांदण्या एकावर एक ठेवून फक्त बाहेरची पाच टोकं बांधायची. आता पडद्यावर ह्या आजींचे हात बघा. आखूड कामटी त्या दोन चांदण्यांच्या मधे, फुलीवर, उभी अडकवतायत. एक झाली, दुसरी, तिसरी... पाचवी बसली की चपटी चांदणी फुगून उभी राहते. दिवाळीत घरी आकाशकंदील करणाऱ्यांना हे सगळं अगदी ओळखीचं वाटेल, कागदसुद्धा तोच, आपला पतंगाचा.

हा पारोल, फिलिपिनो लोकांचा नाताळचा कंदील. आणि आपण आहोत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला, साऊथ ऑफ मार्केट, इथे सगळे सोमाच म्हणतात. डिसेंबरात इथे पारोलची मिरवणूक निघते आणि तिच्या आधी हे असे हॉल भरतात, टेबलं जोडून, वर पेपर अंथरून.

काम करणारे कोण ते नीट बघून घ्या. ही कॉलेजची पोरं, ह्या तिघी चर्चच्या कॉयरमधल्या, त्या शाळेतल्या टीचर, आणि कोपऱ्यात कात्री चालवतायत त्या रिटायर्ड नर्स. १९६५ साली अमेरिकेचा इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि त्यानंतर फिलिपिन्समधून नर्सेस मोठ्या संख्येने इथे आल्या, अख्खी हॉस्पिटलं त्यांनी सांभाळली. कंदील करायचे पैसे इथे कोणालाच मिळत नाहीत. आत आल्या आल्या पोरं आधी म्हाताऱ्या माणसांपाशी जातात, त्यांचा हात घेतात आणि स्वतःच्या कपाळाला लावतात, मगच खुर्ची ओढतात. हे कॅमेऱ्यासाठी केलेलं नाही.

कागद चिकटवणं हे खरं कौशल्याचं काम. गोंद जास्त झाला की कागद ओला होऊन फाटतो, कमी झाला की उंचावर टांगल्यावर वाऱ्याने सुटतो, म्हणून आधी कामटीवर बोट फिरवून घ्यायचं, मग कागद ठेवायचा, आणि ओढायचा नाही, नुसता बसवायचा. हे बोलून शिकवता येत नाही. लोला, म्हणजे आजी, त्या मुलाचं बोट धरून कामटीवरून फिरवतात. मग खालच्या दोन टोकांना शेपट्या, कागदाच्या घड्या घालून बारीक कापलेल्या. आत पूर्वी मेणबत्ती असायची, आता एलईडी.

फिलिपिन्समध्ये १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटे उजाडायच्या आत चर्चमध्ये मिस्सा होते, सिंबांग गाबी म्हणतात तिला, शेतावर जायच्या आधी लोकांना प्रार्थना करता यावी म्हणून ती वेळ, आणि अंधाराच्या वाटेवर हातात पारोल. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हीच मिस्सा संध्याकाळी होते कारण सगळ्यांच्या नोकऱ्या.

हे जुने फोटो १९७७ चे. कर्नी स्ट्रीटवरचं इंटरनॅशनल हॉटेल, तेव्हाच्या मनिलाटाऊनमधलं, म्हणजे शहरातल्या जुन्या फिलिपिनो वस्तीतलं, शेवटचं मोठं घर, शेतात आणि जहाजांवर राबून म्हातारे झालेले एकटे फिलिपिनो पुरुष तिथल्या एकेका खोलीत राहायचे. ४ ऑगस्टला पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. दारासमोर हजारो लोक हात गुंफून उभे होते, तरी काढलं. तोवर सोमातही फिलिपिनो कुटुंबं रुजली होती, आणि तिथेही कन्व्हेन्शन सेंटर आणि बागांसाठी घरं पाडायचं काम आधीपासून चालूच होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून लढलेले फिलिपिनो सैनिक, ज्यांना कबूल केलेले फायदे १९४६ च्या कायद्याने काढून घेतले, त्यांना नागरिकत्व मिळालं ते १९९० च्या कायद्यानंतर, म्हातारपणी, आणि त्यातले कित्येक इथल्याच छोट्या खोल्यांमध्ये येऊन राहिले.

ह्या पाट्या वाचा. रिझाल. बोनिफासिओ. माबिनी. तांदांग सोरा. लापु-लापु, ज्याने १५२१ मध्ये माक्तान बेटावर स्पेनकडून आलेल्या मॅगेलनच्या फौजेला हरवलं. अमेरिकन शहराच्या मधोमध फिलिपिन्सच्या वीरांच्या नावाच्या गल्ल्या, आणि शेजारी अख्ख्या भिंतीवर कित्येक मजले चढलेलं हे चित्र. २०१६ साली शहराने ह्या भागाला सोमा पिलिपिनास असं सांस्कृतिक जिल्ह्याचं नाव दिलं, ते ह्याच लोकांनी वर्षानुवर्षं मीटिंगांना जाऊन, माईकसमोर उभं राहून मिळवलं. मधल्या काळात टेक कंपन्या आल्या, भाडी वाढली, कुटुंबं डेली सिटी, व्हालेहो अशा आसपासच्या गावांना गेली.

मिरवणुकीची संध्याकाळ. ही बाई वही घेऊन फिरतेय ना, तिच्याकडे लक्ष ठेवा, पुढे सगळं तिच्यामुळे हलणार आहे. परमिट तिच्याकडे, इन्शुरन्सचा कागद तिच्याकडे, बॅरिकेडला कोण उभं राहणार, मुलांच्या रांगेच्या दोन्ही बाजूंना मोठं माणूस कोण, व्हीलचेअरवाल्या आजोबांच्या मागे कोण, सगळं वहीत. नारिंगी जॅकेट घातलेले तिचे. फॉइलच्या ट्रेमध्ये पान्सित, म्हणजे नूडल्स, आणि लुंपिया, म्हणजे तळलेले रोल, घेऊन आलेल्या त्यासुद्धा तिच्याच, कारण उपाशी पोरं मिरवणुकीत चालत नाहीत हे तिने पक्कं ठरवलेलं आहे.

आणि निघाली.

मिशन स्ट्रीट. दोन्हीकडे काचेच्या इमारती, त्यांच्या काचांमध्ये पारोल डबल दिसतायत. समोर सेंट पॅट्रिक चर्च, आयरिश लोकांनी उभं केलेलं, १९०६ च्या भूकंपानंतर पुन्हा बांधलेलं, आज तिथे येणारे बहुतेक फिलिपिनो. इथे थोडा वेळ आम्ही गप्प बसतो, तुम्ही बघा.

रात्री आवराआवर. खुर्च्या मिटवल्या, तुटलेल्या पारोलच्या कामट्या सोडवून वेगळ्या बांधल्या कारण त्या पुढच्या वर्षी चालतात, रबरबँड टाकून दिले. मोठे पारोल ठेवायला मात्र सोमात जागा नाही, ते डेली सिटीच्या एका गॅरेजमध्ये जातात. वहीवाली बाई डिकीत माप घेऊन बघतेय, चार मावतील, उरलेले दुसऱ्या फेरीत, आणि दुसऱ्या फेरीला गाडी कोण काढणार तेही तिने विचारून ठेवलंय.